कुणालीच्या सायकलवर फुटलेला नारळ

१२ जानेवारी, सोमवार

आली! कुणालीची ग्रॅव्हल बाइक आमच्या पडवीत उभी आहे. तिनंच दिली, दोन-तीन दिवस. "घ्यायच्या आधी चालवून बघ. नायतर रंग बघून घेशील, वळखते मी तुला." वळखते म्हणाली!

वैशाखरे गावाच्या मागच्या जंगलातून हाणली. हँडल रेसच्या सायकलसारखं वाकडं, टायर मात्र जाड. डांबरावर पळते, मुरमावर घसरत नाही. घेईन तर अशीच. मग दर रविवारी सायकलवर तिच्या शेजारी मी असेन, तो प्रणित नाही. तिच्या सायकल ग्रुपमधला. पोटऱ्यांचा माज नुसता!

कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदा काहीतरी हवंसं वाटतंय.

१३ जानेवारी

मी आंघोळीला गेलो तेवढ्यात नवसूकाकानं सायकलची पूजा मांडली! हळदकुंकू, झेंडूची माळ — इथवर ठीक. पण आमच्याकडे नव्या गाडीचा नारळ गाडीच्याच लोखंडावर फोडतात. ट्रॅक्टरचा मागच्या हुकावर फोडलेला. सायकलचा काकानं मधल्या दांडीवर आपटला. मी बाहेर येऊन "थांब!" ओरडलो तोवर पाणी उडालं होतं.

ते लोखंड नाही. कार्बन आहे!

"ट्रॅक्टरला काय झाला नाय, न् ही काय पापड हाय?" — काका. मी पूजेचं ताट लाथाडलं. आई रडायला लागली.

दांडीवर केसाएवढी रेघ. नख फिरवलं की लागते.

१४ जानेवारी

संक्रांत. घरात कोणी कोणाशी बोलत नाही.

कुणालीचा फोन. "काय रे दीपेश, कशी वाटली? उद्या आणून दे हां, रविवारी रेस हाय." खर्डी ते मुरबाड, अर्धी वाट कच्ची, शेवटी खडीचा उतार. व्हिडिओत सांगतात, कार्बन वाकत नाही — एकदम तुटतो.

घाण विचार आला. तिची सायकल रेसला प्रणितच्याच गाडीवरून जाणार. रेघ दिसली तर आळ त्याच्यावर! पुन्हा तोंड बघणार नाही ती त्याचं.

आणि नाहीच दिसली तर?

जेवलो नाही.

१५ जानेवारी

टेम्पोत घालून मुरबाडला नेली. सांगून टाकलं. "काकानं नारळ फोडला," म्हणालो. पुढचं तिला सांगितलं नाही: सायकल तिची आहे हे घरात मी सांगितलंच नव्हतं. पोरीची सायकल आणली म्हणून टोमणे नको होते. सगळ्यांना वाटलं मी घेतली, मी वाटू दिलं.

तिनं रेघेवरून बोट फिरवलं. "वर्षभर पळवली रे हिला. ह्या रविवारसाठी." एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

प्रणित तिथंच. "माझी दुसरी घे गो," म्हणाला. ती बसली, पाय पेडलला पोचेनात. उतरली. "जाऊ दे." माझ्याकडे न बघता आत गेली.

मी प्रणितला मारणार होतो. कशासाठी, तेच आठवेना.

१६ जानेवारी

गोदामातल्या कामाची सगळी कमाई काढून कल्याण गाठलं. ग्रॅव्हल बाइक मागितली. दुकानदार म्हणाला, "मापाची द्यायला पायजे. उंची किती?"

मी कुणालीची सांगितली.