घड्याळजीचे डोळे

३ मार्च
चष्मा गेला! चौदाव्या वर्षापासून नाकावर ठाण मांडून बसलेला भाडेकरू लेसरने दहा मिनिटांत हुसकावला. बायकोने न्याहाळून पाहिलं — "तुमचं नाक एवढं मोठं आहे हे आज कळलं." बाबांचं माझ्या ऑपरेशनआधीच बोलून झालं होतं — "घड्याळजीने डोळ्यांशी खेळू नये."

११ एप्रिल
लांबची पाटी लख्ख दिसते. पण घड्याळ काही लांब ठेवून दुरुस्त होत नाही! भिंग लावलं की पाच मिनिटांत डोळ्यांत वाळू. एका स्क्रूचे दोन स्क्रू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळे कोरडे पडलेत. लेसरनंतर होतं असं. थेंब घाला, आणि पापण्या मुद्दाम पूर्ण मिटत जा."
हौसेने चष्मा घालवला, आता अश्रू विकत आणतोय. घ्या!

१४ एप्रिल
मुद्दाम पापण्या मिटत होतो. समोरच्या गिऱ्हाईक बाई — "अहो, घड्याळाकडे बघा!"

२ मे
बाबांनी आणखी तीन लेडीज घड्याळं माझ्याकडे सरकवली. आत सगळं मोहरीएवढं! स्वतः मात्र भिंतीवरची मोठी घड्याळं घेऊन बसतात. सूड उगवतायत. पण डोळ्यांचं मी त्यांना सांगणार नाही. "मी म्हटलं नव्हतं?" हे ऐकण्यापेक्षा वाळू परवडली. थेंब संडासात जाऊन घालतो, दिवसातून सहा वेळा. आज बाबांनी विचारलंच — "पोट बरं आहे ना रे?"

१९ मे
चिमट्यातून स्क्रू उडाला. दोघं बापलेक जमिनीवर रांगलो. मला धूसर दिसत होतं म्हणून मी चाचपत होतो, तर बाबाही नुसतेच तळहाताने फरशी चाचपत होते. माझी नक्कल, दुसरं काय! राग आला. असंच चाललं तर दुकानाला कुलूप लागेल, आणि ते माझ्या हौसेपायी. याची खरीच भीती वाटते.

२७ मे
बाबांच्या खणात फडकं शोधत होतो. खाली थेंबांची बाटली. मेलो, चोरी पकडली गेली! पण सोबतच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नाव बाबांचं. काचबिंदू. तारीख दोन वर्षांपूर्वीची.
मी खिशातली बाटली काढून तिच्याशेजारी ठेवली. बाबांनी दोन्ही बाटल्या हाताने चाचपल्या. मग — "बारीक स्क्रू मला दिसत नाहीत आता. म्हणून म्हणत होतो, डोळ्यांशी खेळू नकोस. दुकानात एक तरी जोडी शाबूत हवी होती."
मी त्यांना थेंब घातले. "आण, तुला घालतो," म्हणाले. नेम चुकला. थेंब गालावर पडला. मी पुसला नाही.