मुठीचा वेढा

प्रिय दादा,

तुला पत्र लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं होतं का रे? एका घरात राहून आपण नुसतं भांडलो. पण उद्यापासून मी कोपरीच्या खाडीकाठच्या त्याच कॉलेजात जाणार आहे, बोटीचं इंजिन शिकायला. तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी मीच सांगते.

हो, तू गेलास तिथेच.

आधी तुला शिव्या घालते, मग बाकीचं. मूर्खा! इंजिन सुरू करायची दोरी मुठीला गुंडाळायची नाही, नुसती बोटांत धरायची, हे मास्तर रोज बजावत होते ना? घरी येऊन मला तूच शिकवायचास. आयचा स्टोव्ह खोलून जमिनीवर मांडायचास आणि मोठ्या जहाजावर नोकरीला लागल्यासारखा रुबाब करायचास. संध्याकाळी आय चहासाठी बोंबलत बसायची.

मग त्या दिवशी का मारलास वेढा? तुझ्या वर्गातल्या पोरांनी सांगितलं मला. इंजिनाने उलटा झटका दिला, दोरी चाकात परत गेली आणि तुझा हात धरून तुलाच ओढून घेऊन गेली. डोकं लोखंडावर आपटलं. शेवटची आंघोळ घालताना डोक्याचं फडकं आयला कोणी काढू दिलं नाही.

आबा रडला नाही. "इंजिनानं माजा पोर खाल्ला," म्हणाला आणि वल्हं उचललं. काकाने पहार घेतली. कळव्याहून होडीने ते पलीकडे गेले, मी किंचाळत त्यांच्याच होडीत. कॉलेजात शिरून काकाने इंजिनांवर पहार घातली. मास्तर आडवे आले तर आबाने त्यांच्या तोंडात एक हाणली आणि वल्हं हातावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला रे, अजून कानात आहे.

मास्तरांनी एक वाक्य बोलायचं होतं: 'तुमच्या पोराने वेढा मारला होता.' नाही बोलले. तोंडातून रक्त गळत होतं आणि म्हणाले, "मला मारा, पण आतल्या पोरांना बाहेर जाऊ द्या." पोलिसांतही गेले नाहीत. हात मात्र वाकडा राहिला तो राहिलाच.

परवा मी आबाला म्हटलं, बारावी झाली, मी इंजिन शिकणार. त्याने ताट भिंतीवर फेकलं. "तंगऱ्या तोरीन तुज्या! त्या मास्तरानं तुजा भाव मारला!"

माझंही डोकं फिरलं. "मास्तराने नाय, तू मारलास!" म्हटलं. आठवतं ना तुला, आपण लहान असताना आबा जाळं ओढायला होडीत न्यायचा? ओहोटीच्या ओढीला दोरी मुठीला एक वेढा मारून धरायची. वेढा नाही मारला आणि दोरी सुटली, की कानफटात. तुझा डावा कान त्यानेच बधिर केलेला. इंजिनाला घाबरलास तेव्हा तुझ्या हाताने मास्तरांचं ऐकलंच नाही, आबाच्या थपडांचं ऐकलं. हे सगळं मी त्याच्या तोंडावर ओरडले.

एक ठेवून दिली मला. ओठ फुटला. आय मध्ये पडली तर तिलाही ढकललं. मग उंबऱ्यात बसला तो सकाळपर्यंत उठलाच नाही.

काल ओहोटीला मला म्हणाला, "चल." होडी खाडीत नेली. जाळ्याची दोरी त्याने हातात घेतली आणि दादा, वेढा मारला नाही! नुसती बोटांत धरली. पाण्याने खेचली तशी दोरी सरसर पळाली, तळव्याची सालं निघाली, होडीत रक्त सांडलं. "धर ना आबा! जातंय!" मी ओरडले. त्याने हात उघडला. अख्खं जाळं, त्यातल्या मासळीसकट, खाडीच्या मुखाकडे गेलं.

आबा तळव्याकडे बघत राहिला. "सोरली की सुटते," म्हणाला. "हात ऱ्हातो."

आणि मग रडला. तू गेल्यानंतर पहिल्यांदा.

आज संध्याकाळी नांग्या बांधलेल्या चिंबोऱ्यांची टोपली घेऊन मास्तरांच्या दारात गेला. माफीबिफी काही नाही, आबाच तो! "उंद्या पोर येल माजी," एवढंच बोलला. मास्तरांनी टोपली डाव्या हाताने घेतली, उजवा उचलवत नाही ना. मी मान खाली घालून उभी होते.

भीती वाटतेय रे. तुझ्यासारखेच माझे हात, आबानेच शिकवलेले. ते चाक समोर आलं की मूठ आपोआप वळली तर?

पण तुला शब्द देते. उद्या ती दोरी पळायला लागली, तर सगळा कोळीवाडा हसला तरी चालेल, मी सोडून देईन. आणि संध्याकाळी दोन्ही हात घेऊन घरी येईन, आबाला दाखवायला.

तुझी भांडकुदळ,
नंदी

(ओठ अजून सुजलेला आहे. हसू नकोस.)