पुढच्या शिडाचा दोर

शेंडी, ता. अकोले
२ फेब्रुवारी १९४७

ती. रेबेकाअक्का हिस,
सत्यवानचा स. सलाम वि. वि.

तुझे नाताळचे पत्र पोचले. उत्तराला उशीर केला म्हणून रागावली असशील; रागाव, पण पुढचे वाच.

भिंगारच्या छावणीतले एक साहेब कायमचे विलायतेला चालले आहेत. भंडारदऱ्याच्या जलाशयात त्यांच्या शिडाच्या दोन होड्या आहेत, एक पांढरी आणि एक निळी. दोन्ही लहान, दोन्ही पळणाऱ्या. दोघींच्या बुडाखाली शिशाचे जड पाते आहे, त्याला कील म्हणतात. वाऱ्याने होडी कलंडली तरी तेच तिला पुन्हा उभी करते. साहेब म्हणाले की तू बंदरातला माणूस, दोन्ही चालवून पाहा आणि ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारच्या आत यांतली कोणती ठेवतोस ते कळव.

माझे मन पांढरीवर आहे. ती अरुंद आहे, तिचा कील खोल आहे, आणि सगळे दोर सुकाणूपाशी आणलेले आहेत, म्हणजे एकट्याला पुरते. निळीत मात्र पुढच्या लहान शिडाचा दोर पुढच्या बैठकीवर आहे. सुकाणू धरणाऱ्याचा हात तिथवर जात नाही, तिथे दुसरे माणूस लागते. मुंबईत ते माणूस तुझी भावजय, कृपा होती. तिला जाऊन या उपवासकाळात दोन वर्षे होतील.

तुझे मत कळव. न विचारताही तू ते दिलेच असतेस.

लोभ आहेच, तो माझ्या आळसाकडे न पाहता वाढवावा.
तुझा
सत्यवान


भिंगार
९ फेब्रुवारी १९४७

चि. सत्यवान यास,
अनेक उ. आशीर्वाद वि. वि.

तुझे पत्र दोनदा वाचले. होड्यांचे मला काय कळते? आयुष्यात मी फक्त भिंगारचा नाला ओलांडला आहे, तोही चपला हातात घेऊन. तरीही मत देते: निळी घे. डोंगरांच्या खिंडीतून वारा कसा अचानक येतो ते तूच मागे लिहिले होतेस. साठीच्या माणसाने तिथे एकटे जाऊ नये. गावातला कोणीतरी पुढे बसव.

इकडची हकिकत म्हणजे, शाळा सोडून मला आठ महिने होत आले, पण सकाळची घंटा झाली की मी अजून छत्री घेऊन दारात येते. मग आठवते, आणि अंगण झाडल्यासारखे करून आत जाते. मागच्या रविवारी उपकारस्तुतीचा सण झाला. लोकांनी देवळात आणलेल्या ज्वारीच्या कणसांचा, उसाचा, कोंबड्यांचा लिलाव दरवर्षी मी पुकारत असे. यंदा हातात कणसांची जुडी घेतली, तोच माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीने ती मोठ्या प्रेमाने काढून घेतली आणि म्हणाली की बाई, तुम्ही किती वर्षे केलेत, आता तुम्ही बसा. मला खुर्ची दिली, उशीसुद्धा दिली. मी बसले. आठ आण्यांचा कोंबडा सहा आण्यांना गेला, तो गप्प बसून पाहिला.

तब्येतीला जप. डोक्याला रुमाल बांधत जा.

आठवण ठेव, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी
अक्का


शेंडी
३ मार्च १९४७

ती. अक्का हिस,
स. सलाम वि. वि.

माझी फजिती दुसऱ्या कोणाकडून कळण्यापूर्वी मीच लिहितो.

शनिवारी पांढरी घेऊन एकटा निघालो. काय धावते म्हणून सांगू! रतनगडाच्या बाजूला एका खाडीसारख्या आडोशाला गेलो, वारा पडला आणि होडीचा कील चिखलात रुतला. मी मुळीच घाबरलो नाही. इतकी वर्षे बंदरात काढल्यावर मला ठाऊक होते काय करायचे ते. शीड गुंडाळले, डबा उघडून भाकरी खाल्ली, टोपी डोळ्यांवर ओढली आणि भरतीची वाट पाहत निजलो.

होय अक्का. धरणाच्या पाण्यात मी भरतीची वाट पाहिली.

उन्हे कलली तरी पाणी बोटभर चढेना. काठावर सहादेव आणि त्याची बायको बनुबाई गाळाच्या जमिनीत लावलेल्या काकड्यांना पाणी घालत होती. सहादेवाने विचारले की बाबा, दुपारधरनं कशाची वाट बघताय? मी खरे ते सांगितले. बनुबाई हसून हसून खालीच बसली. म्हणाली की कालव्याला पानी सोडलंय, आता चढायचं ते आखाडात. तवर हितंच बिऱ्हाड मांडत्यात व्हय? लई न्यारा मानूस हाय! मग नवऱ्याला म्हणाली की जावा की, काढा त्यास्नी, न्हाईतर रातच्याला भाकरी आपल्यालाच न्यावी लागंल.

अशी होडी काढायची रीत आहे. मोठ्या शिडाचा आडवा दांडा बाहेर काढायचा, त्याच्या टोकाला एकाने लोंबकळायचे म्हणजे होडी कलते आणि कील चिखलातून उचलला जातो. त्याच वेळी दुसऱ्याने खोल पाण्यात टाकलेल्या नांगराचा दोर ओढायचा. मला दोन्ही ठिकाणी एकदम असता येईना. सहादेव लोंबकळला, मी ओढले, बनुबाईने काठावरून दोघांनाही शिव्या घातल्या, आणि होडी सुटली.

तरीही पांढरीच घ्यावी असे वाटते. उथळात जाणार नाही म्हणजे झाले. खरे कारण तुला सांगतो. वीस वर्षे कृपा पुढे बसली, माझ्याकडे पाठ करून. तिच्या चेहऱ्याहून तिचा अंबाडा माझ्या ध्यानात जास्त आहे. निळीतली ती बैठक रिकामी पाहवत नाही, आणि तिथे सहादेवाला किंवा आणखी कोणाला बसलेलेही पाहवणार नाही.

तू उन्हाळ्याला ये. राहायलाच ये म्हणतो. घरात दोन खोल्या आहेत, हवा थंड आहे. पांढरीत माझ्या शेजारी जागा होते. तुला काहीही करावे लागणार नाही, नुसते बसायचे.

फजितीला हसून झाल्यावर थोडा लोभही असू दे.
तुझा
सत्यवान


भिंगार
१० मार्च १९४७

चि. सत्यवान यास,
अनेक उ. आशीर्वाद वि. वि.

हसले. शेजारच्या दीनाला वाचून दाखवले, ती अजून हसते आहे. बनुबाईला माझा सलाम सांग.

पण पत्राचा शेवट दीनाला दाखवला नाही. कृपाच्या जागेबद्दल तू लिहिलेस त्यावर मी काय बोलू? ती जागा भर, असे मी सांगणार नाही. मागच्या पत्रात किती सहज लिहून गेले की कोणालाही पुढे बसव. त्या वाक्याची आता लाज वाटते.

तरी एक गोष्ट स्पष्ट लिहिते. मी नुसती बसायला येणार नाही. लहानपणी कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसायला शिकवीत, आणि त्या एका विषयात मी दरवर्षी नापास होत असे. आता सगळे नगर मला तोच विषय शिकवायला निघाले आहे. तूही त्यांच्यात सामील झालास. माझ्यावाचून जी होडी उत्तम चालते तिच्यात माझे काय काम? त्यापेक्षा आपले भिंगार बरे, इथे निदान अंगण तरी झाडता येते.

तुला एकट्याने जायचे असेल तर खुशाल पांढरी घे. मी रागावणार नाही, ईस्टरला मोरंब्याची बरणी नेहमीसारखी पाठवीन. पण मग मला राहायला बोलावू नकोस. आणि निळी घेणार असलास तर हे ध्यानात ठेव की मी कृपा नाही. माझी पाठ रुंद आहे, केस पिकून मूठभर उरले आहेत, आणि मी दर मिनिटाला मागे वळून तुला चुका सांगेन. दांड्याला लोंबकळायचे म्हणशील, तर त्या कामासाठी देवाने मला भरपूर वजन देऊन ठेवले आहे.

विचार करून कळव. घाईने माझे मन राखायला लिहू नकोस.

नेहमीचा लोभ या भांडणातूनही शाबूत राहो.
तुझी
अक्का


शेंडी
२८ मार्च १९४७

ती. अक्का हिस,
स. सलाम वि. वि.

उत्तराला दिवस लागले, कारण तू विचार कर म्हणालीस.

काल साहेब आले होते. त्यांच्या आधी मी एकटाच निळीत जाऊन बसलो, सुकाणूपाशी नाही, पुढच्या बैठकीवर. इतक्या वर्षांत मी त्या जागी कधी बसलोच नव्हतो. मला वाटायचे की पाठ करून बसण्याची ती जागा, बिचारीच्या वाट्याला आलेली. पण तिथून मागचे काहीच दिसत नाही. समोर शीड, पाणी आणि रतनगड. येणारा वारा पाण्यावर काळा होऊन सरकतो तो तिथल्या माणसाला आधी दिसतो, मला मागाहून. ती वीस वर्षे वारा पाहत होती आणि मला सांगत होती. मी मात्र तिचा अंबाडाच पाहत राहिलो.

मग साहेब आले. त्यांना सांगितले की निळी ठेवतो. ते भले गृहस्थ. म्हणाले की तू एकटा आहेस, पुढच्या शिडाच्या दोराला तुकडा जोडून तो सुकाणूपर्यंत आणून देतो, अर्ध्या तासाचे काम. मी नको म्हटले.

दोर आहे तिथेच आहे. मी हात लांब करून पाहिला, पोचत नाही. धक्क्यावरून होडी हललेली नाही, आणि दोन दिवस वारा सुरेख आहे.

ईस्टर झाला की निघ. राजूरपर्यंत मोटार येते, पुढे सहादेवाची बैलगाडी आणतो. वादळवाऱ्यात दोर हातातून सरकला की तळव्याला चटके बसतात. जुने हातमोजे असतील तर आण. नसले तरी चालेल, महिन्याभरात घट्टे पडतील.

लोभाचे आता समोरासमोर बोलू.
वाट पाहणारा
सत्यवान