शनिवारचा बाण

शनि., ८ जानेवारी २०११

अमेय सकाळी दहाला आला. म्हणजे बाण आला. परवानगीची चौकट उघडली, मी 'हो' दाबलं आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा बाण आपला आपण चालायला लागला. तिकडे कॅनडात शुक्रवारची रात्र. एकच खोली, सूनबाई गौरी आणि बाळ झोपलेलं, म्हणून आमचा मुलगा बोलत नाही, नोटपॅडवर टाइप करतो. मीही करते, दोन बोटांनी. 'जेवलास?' 'हो.' 'काय?' 'आई, थांब, काम करू दे.'

तो कामाला लागला की मी नुसती बघत बसते. बाण आधी कोपऱ्यातल्या धोक्याच्या लाल ढालीवर जातो, मग एकेक खिडकी उघडून आत डोकावतो. शाळेतून आला की असेच स्वयंपाकघरातले डबे उघडायचा.

आज त्याने अपडेट 'आपोआप'वर टाकलं. लिहिलं, आता सगळं आपलं आपण होईल, दर शनिवारी मला बघायला नको. मी लिहिलं, बरं झालं.

बरं कसलं डोंबलाचं.

मंगळ., ११ जाने.

मशीन ठणठणीत. लाल ढाल गायब. हे म्हणाले, "चला, तुझी कटकट गेली." यांना पेपर आणि दुसरा चहा मिळाला की सगळं जग ठणठणीत. न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डातून रिटायर झाल्यापासून यांना कशाची घाईच नाही.

गुडघे दुखतायत. बी.पी. घेतलं नाही. दुपारभर पडून.

शनि., १५ जाने.

दहाला मशीन लावून बसले. अ. नाही. उशिरा मेल आला: 'सगळं ठीक आहे ना? मग आज झोपतो. आठवडाभर मान वर करायला वेळ नाही.'

झोपू दे. खरंच झोपू दे, पण

सोम., १७ जाने.

कंट्रोल पॅनलमध्ये गेले. रस्ता त्यानेच शिकवलेला. चार गोल असतात, एकात ठिपका. शेवटच्या गोलावर दाबलं: अपडेट बंद. लगेच ढाल परत आली, लालभडक, वर पिवळा फुगा, त्यात लिहिलेलं: तुमचा संगणक धोक्यात असू शकतो. असू दे.

वॉर्डात अशा म्हाताऱ्या असायच्या. डिस्चार्जचा कागद हातात पडला की पोटात दुखायला लागायचं. मुलगा पुन्हा धावत यायचा. आम्ही सिस्टर लोक ड्यूटी रूममध्ये बसून हसायचो त्यांना.

शनि., २२ जाने.

अ. आला! मीच मेल टाकला होता, ढाल लाल झालीय म्हणून.

'हे बंद कोणी केलं?' 'आपोआप झालं असेल.' 'असं आपोआप होत नाही आई.' 'लाइट गेले होते मधे.' खोटं कसं सुचत जातं एकेक.

चालू करून लगेच गेला. जाताना बाळाचे फोटो टाकले. खालचे दोन दात आलेत. हसते तेव्हा अगदी यांच्यासारखी दिसते, पण यांना सांगितलं नाही, उगाच चढतील.

सोम., २४ जाने.

परत बंद केलं. 

हे पळस्प्याला जुन्या मित्राकडे गेले, जाममध्ये अडकले, तीनला जेवायला आले. वर मलाच म्हणाले, "भात गार आहे." तसाच वाढला. बोलायचाही कंटाळा येतो हल्ली.

गुरु., २७ जाने.

वरच्या मजल्यावरच्या शमीमभाभी प्रिंट काढायला आल्या. त्यांचे मिस्टर कुवेतला, पंधराएक वर्षं झाली. मशीनकडे बघून म्हणाल्या, "सिस्टर, हे लाल काय लागलंय?" कोणाला तरी सांगायचंच होतं बहुतेक. सगळं सांगून टाकलं.

त्या इतक्या हसल्या की पदर डोळ्यांना लावला. "या अल्ला! मशीनला कशाला आजारी पाडता? मी तर सरळ फोन लावते. म्हणते, तुमचा आवाज ऐकायचाय. आधी चिडतात, मग बोलतात."

म्हटलं, तुमचं नवऱ्याचं आहे. मुलाला असं सांगता येत नाही.

"का नाही?"

मी उठले. चहा टाकला.

शनि., २९ जाने.

मी मेल टाकला नाही, मुद्दाम. बघू म्हटलं, आपण होऊन येतो का. नाही आला.

बुध., २ फेब्रुवारी

घात झाला. दुपारी बाळाचे फोटो बघत होते, मधेच मोठी लाल खिडकी उघडली. इतके व्हायरस सापडले, साफ करायला इथे दाबा, पैसे भरा. अ.ने बजावलंय, असं काही आलं तर हात लावायचा नाही. नाही लावला. फुली दाबली, जाईना. बटणाने मशीन बंद केलं, चालू केलं, तेच. आणि आता फोटो उघडत नाहीत. एकही नाही. बारशाचेसुद्धा.

मला एवढंसं हवं होतं. एवढं मोठं नको होतं.

यांना नुसतं "बिघडलंय" म्हणून सांगितलं. अ.ला मेल केला. या वेळी बिघाड खरा, खोटं एक अक्षर नाही, तरी लिहिताना तोंड कडू झालं.

शनि., ५ फेब्रु.

अ. दहाच्या आधीच आला. सरळ कामाला लागला. काय काय उतरवलं, काय काय पुसलं. मग तपासणी सुरू झाली, हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने. वाट बघता बघता नोटपॅडवर लिहिलं, 'ऑफिसातून दोघांना काढलं. त्यांचं कामही माझ्याकडे. बाळ रात्री उठतं. खूप दमतो आई.' असं तो कधी लिहीत नाही. मी लिहिलं, 'तूप खातोस का?' 

पट्टी अर्ध्यावर आली आणि बाण थांबला. मी लिहिलं, 'आहेस?' काही नाही. परत लिहिलं. मग लक्षात आलं. झोपलाय. तिकडे खुर्चीत, बसल्या बसल्या.

माउसला हात लावला नाही. बाण जिथे होता तिथे उभा. मी समोर बसून राहिले. हे आत आले, "झालं का गं?" म्हटलं, हळू बोला. "इथलं त्याला काय ऐकू जाणार आहे?" खरंच की. पण मग हेही हळूच बोलले, आणि स्टूल ओढून शेजारी बसले.

इतकी वर्षं नाइट ड्यूटी केली, झोपलेल्या पेशंटला औषधाची वेळ झाल्याशिवाय कधी उठवलं नाही. आणि स्वतःच्या पोराला महिनाभर जागवतेय. इतकी लाज वाटली. डोळे पुसले, यांनी बघितलं.

बारानंतर बाण हलला. 'सॉरी आई, डोळा लागला.' फोटो परत आले, बहुतेक सगळे. अपडेट चालू केलं. मग लिहिलं, 'आई, हे तूच बंद करतेस ना?'

'हो.'

 मग, 'झोपतो आता.' एवढंच.

मंगळ., ८ फेब्रु.

आज स्वतः कंट्रोल पॅनलमध्ये गेले. ठिपका पहिल्या गोलात, आपोआप, तसाच होता. त्याच्याखाली वार आणि वेळ विचारतात हे कधी नीट वाचलंच नव्हतं. अ.ने रोज पहाटे तीन ठेवलंय. पहाटे तीनला आमचं मशीन बंद असतं, मग ते बिचारं करणार कधी? हमखास चालू असेल अशी वेळ शोधली. शनिवार, सकाळी दहा. तेच टाकलं, ओके दाबलं.

अ.ला मेल: 'मी आता कशालाही हात लावणार नाही. मशीनचं मशीन बघेल. तू झोपत जा.' तीनदा वाचून पाठवला. हलकं वाटलं थोडं.

गुरु., १० फेब्रु.

उत्तर नाही. हे म्हणतात, "कामात असेल." मला वाटतं चिडलाय. चिडला तर बोलून टाकणाऱ्यातला नाही तो. माझ्यावर गेलाय त्या बाबतीत.

शनि., १२ फेब्रु.

नऊपासून मशीन लावून बसलेय. बोलावलेलं नाही, बिघडलेलं नाही, तरी बसले. समोर वही, म्हणून लिहिते आहे.

दहाला कोपऱ्यात पिवळी ढाल. काहीतरी बसवून घेतलं आणि चौकट आली: मशीन बंद होऊन पुन्हा चालू होणार, आत्ता की नंतर? खाली मिनिटं उलटी पळतायत. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बरोबर अ.ची वेळ देऊन बसले मी या मशीनला!

'नंतर' दाबलं. अ. नाही. थोड्या वेळाने चौकट परत. परत 'नंतर'. परत आली. किती वेळा नंतर नंतर करणार? मेलमध्ये लिहून दिलंय, हात लावणार नाही म्हणून. नाही लावला. पडदा निळा झाला. अपडेट चालू आहे, बंद करू नका म्हणतोय.

आता अ. आला असला तर त्याला मशीन बंद दिसणार. त्याला वाटणार, आईने रागाने बंद ठेवलंय. आणि आलाच नसेल, तर तेही मला कळायचं नाही.

यांना सांगितलं. पेपर खाली ठेवून म्हणाले, "मग फोन कर ना."

म्हटलं, फोन करून सांगू काय? काहीच बिघडलेलं नाही.

"तेच सांग की."

तिकडे बारा वाजत आले असतील. झोपला असेल, नसेल. बाळ उठेल कदाचित. नंबर पाठ नाही, आजवर मी आपण होऊन कधी लावलेलाच नाही. फ्रिजवर चिकटवलाय, बारीक अक्षरात. चष्मा घेऊन उठते आहे.