श्वास रोखण्यात माझा हात कोण धरणार?

४ फेब्रुवारी
झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट आला. झोपेत माझा श्वास सारखा थांबतो म्हणे. चोर पकडल्यासारखा चेहरा करून डॉक्टरीणबाई सांगत होत्या. मी म्हटलं, बाई, मी पोहायला शिकवतो. श्वास रोखणं हा माझा धंदा आहे, लोक त्याची फी भरतात. हसल्या नाहीत. फार शिकलं की माणसाचं असं होतं.
उपाय काय, तर रात्री नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीला मशीन. मशीन हवा आत ढकलत राहणार, म्हणजे घसा मिटणार नाही. अख्ख्या गावाला श्वास घ्यायला मी शिकवलं, आता मला एक डबा शिकवणार!

५ फेब्रुवारी
हे सगळं तलावाच्या मॅनेजरमुळे. गेल्या आठवड्यात काठावरच्या उंच खुर्चीत मी क्षणभर डोळे मिटले. चिंतन चालू होतं. तेवढ्यात सकाळच्या बॅचमधल्या एका काकूंच्या पायात गोळा आला आणि त्या ओरडायला लागल्या. पण कठडा धरून ओरडत होत्या! खरा बुडणारा ओरडत नाही, हे मी पहिल्याच दिवशी शिकवतो. मॅनेजरला पाण्यातलं फक्त क्लोरीन कळतं. तपासणीला त्यानेच पाठवलं. आज रिपोर्ट बघून म्हणाला, महिनाभर मशीन लावा, डॉक्टरांची चिठ्ठी आणा, नाहीतर खुर्चीत दुसरा माणूस बसेल.
ठराव : आठवड्यात बरं होऊन दाखवायचं.

७ फेब्रुवारी
मशीनवाला येऊन गेला. मिशीतून हवा गळेल, काढा म्हणाला. त्याला दार दाखवलं. जाता जाता सांगून गेला की मशीन सगळी नोंद ठेवतं आणि परस्पर डॉक्टरांना कळवतं. म्हणजे चुगलखोर. घरात एक होतीच, आता दोन झाल्या.

८ फेब्रुवारी
मास्क लावला. हवा नाकातून आत, तोंडातून बाहेर. फुगा झालो. बायको म्हणाली, दोन दिवस त्रास होईल, मग सवय लागेल. मला वाईट सवयी लागत नाहीत. काढून ठेवला.

११ फेब्रुवारी
नवी युक्ती. मास्क उशीला बांधून मशीन रात्रभर चालू ठेवलं. दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन : हवा सगळी बाहेरच जातेय, मास्क कुणाला लावलाय, उशीला का? बाईंना कल्पनाशक्ती आहे, एवढं मान्य.

१३ फेब्रुवारी
डोक्यात वीज चमकली. मेहुणा!
बायकोचा हा धाकटा भाऊ वर्षभर आमच्याकडे नोकरी शोधतोय. बहुधा सोफ्याखाली, कारण वरून कधी उठत नाही. घोरतो असा की कपाटातल्या ताटल्या एकमेकींना बिलगतात. त्याला म्हटलं, रात्रीचा मास्क तू लाव. म्हणाला, भावोजी, माझ्या नाकाने तुमची नोकरी वाचत असेल तर नाक तुमचंच. बायकोने तोंड उघडलं. मी हात वर केला. विषय संपला.

२१ फेब्रुवारी
रिपोर्ट झकास. डॉक्टरीणबाई खूश. तो ऐकल्यापासून मलाही बरं वाटतंय. आज फक्त दोनदा पेंगलो, त्यातलं एकदा सिग्नलला, म्हणजे गाडी थांबलेलीच होती.
मेहुणा पहाटे उठून भांडी घासत होता. तब्येत बिघडली असावी.

२ मार्च
मेहुण्याला नोकरी लागली. मुलाखतीत ताजातवाना दिसला म्हणे. बायको पेढे वाटल्यासारखी साऱ्या बिल्डिंगला सांगत फिरतेय. श्रेय कुणाचं, ते कुणी विचारत नाही.

१० मार्च
चिठ्ठी मिळाली! आदर्श पेशंट, असं लिहिलंय. मॅनेजरच्या टेबलावर आपटली. त्याने दोनदा वाचली. पुन्हा सन्मानाने खुर्चीत.

११ मार्च
खुर्ची निसरडी आहे, हे मी केव्हाचं सांगतोय. आज तिने मला पाण्यात टाकलं. झोप लागली होती असं लोक म्हणतात. लोकांनी स्वतःच्या हातापायांकडे बघावं. गोळावाल्या काकूंनी कॉलर धरून मला काठाला ओढलं. पाय मारण्याची पद्धत साफ चुकीची होती. खोकला थांबल्यावर तसं सांगितलंही.

१२ मार्च
डॉक्टरीणबाई गोंधळल्या. म्हणाल्या, रिपोर्ट तर इतका चांगला, मग झोप का येते? आता मेंदूची तपासणी करू, हृदयाचीही. मी म्हटलं, करू की! आणि बायको बोलली. उशी, मेहुणा, सगळं. मग म्हणाली, ह्यांचा श्वास थांबला की मी उठून बसते. परत सुरू झाला की आडवी होते. कितीतरी वर्षं हेच चाललंय.
मला कुणी कळवलं नव्हतं.
मी म्हटलं, उठवायचंस ना. ती म्हणाली, उठवलं की चिडता.
डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत होत्या. एसीचं काहीतरी बिघडलं होतं, फार उकडत होतं.

१३ मार्च
मेहुण्याकडे मशीन मागितलं. म्हणाला, भावोजी, माफ करा, आता सकाळी ऑफिस असतं. काल रात्री त्याचीही तपासणी झाली, तोही पेशंट निघाला. मशीन त्याच्या नावावर झालं. माझ्यासाठी दुसरं येणार. मॅनेजरने खुर्ची काढून घेतली. म्हणाला, काठावर उभं राहून शिकवा, उभ्याने झोप लागली तर बघू. क्षुद्र माणूस.

१४ मार्च
मिशी काढली. बदल म्हणून. मशीनवाल्याचा काही संबंध नाही.

१५ मार्च
नवं मशीन आलं. आज रात्री लावतो. पण सांगून ठेवतो, माझ्यावर काही परिणाम होणार नाही. माझी प्रकृतीच वेगळी आहे.

१६ मार्च, सकाळचे नऊ
आत्ता जाग आली. बॅच सहाची! शेजारी बघितलं, तर बायकोही गाढ झोपलेली. कधी नव्हे ती तोंड उघडं टाकून. तिला उठवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. हळूच बाहेर येऊन मॅनेजरला फोन केला. घसा साफ करून म्हटलं, माझ्याशिवाय बॅचचे फार हाल झाले असतील, दिलगीर आहे.
म्हणाला, अहो, तुम्ही आज आला नव्हता का?