चर्चची किल्ली

प्रिय ओर्तांस,

तुला खूप प्रेम, आणि आईच्या दोन्ही गालांवर माझा एकेक पापा.

मी मजेत आहे. ओदेत मावशीचा पाय मोडला म्हणून आठ दिवसांसाठी आले, त्याला आता सातवा आठवडा लागला. पाय प्लास्टरमध्ये आहे, जीभ मात्र ठणठणीत आहे.

गुहेतली रानबैलांची चित्रं, पाणचक्की, नदीपलीकडचा किल्ला, सगळं सायकलने जाण्यासारखं आहे. मी यातलं काहीही पाहिलेलं नाही. पहिल्याच संध्याकाळी मावशीने खिळ्यावरची चर्चची किल्ली काढली आणि म्हणाली, "जरा धर गं." मी धरली. शेजारचे गास्तों काका कुंपणावरून हसले. "अडकलीस पोरी. किल्ली ज्याच्या हातात, त्याने दुसरा कुणी ती घेईपर्यंत गाव सोडायचं नसतं. तुझी मावशी चार दिवसांसाठी आली होती. एकतीस वर्षं झाली."

तेव्हापासून रोज तीनदा घंटा वाजवते. जेवायला बसले की चर्च बघायला आलेले प्रवासी दार ठोठावतात. गावातली माणसं प्रेमळ आहेत, फक्त माझ्याशी बोलताना हात खिशात ठेवतात.

आईचा खोकला कसा आहे? माझ्या कुंड्यांना पाणी घालतेस ना?

तू ये ना चार दिवस. प्लम पिकलेत, मावशी टार्ट करते. मी बसथांब्यावर घ्यायला येईन आणि तुला म्हणेन, "जरा धर गं."

धरू नकोस.

तुझीच,
सिदोनी