शेवटाचा ठिपका

हुम्पोलेत्स
रविवार, १० जुलै १९९४

तुझ्या बापाला काल शेजारच्या व्लास्ताच्या घरून तीनदा फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला, आणि म्हणतो की भूक लागली की येतील बाबा. मांजर आहे का तो? प्रागला राहिलं की अक्कल येते म्हणतात, मिलोस्लाव्हला नुसतं टक्कल आलं. हे आधी लिहिलं, कारण ते पोटातून निघाल्याशिवाय पुढचं काही सुचणार नव्हतं.

चि. इवेतास आजीचे आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे बरे नाहीत. तुझा आजोबा काल सकाळी सायकल घेऊन गेला तो अजून आलेला नाही. लाल रंगाचा डबा गेला, पांढऱ्याचा गेला, दोन ब्रश आणि टर्पेंटाइनची बाटलीही गेली. टोपी मात्र खुंटीला आहे. डोक्यात काय शिल्लक आहे ते यावरून समज.

चाळीस वर्षं त्याने पर्यटक संघाच्या पायवाटांच्या खुणा रंगवल्या, तुला ठाऊकच आहे. झाडावर पांढरा पट्टा, मध्ये लाल, खाली परत पांढरा. दोन वर्षांपूर्वी त्याने पाद्रीबाबांच्या दारावर खूण काढली आणि बाण थेट त्यांच्या स्वयंपाकघराकडे दाखवला, तेव्हा संघवाल्यांनी गोड बोलून काम काढून घेतलं. मी ते त्याला सांगितलंच नाही. संघाचा रंग यायचा बंद झाला, तेव्हा दुकानातून मीच आणून ठेवत गेले. तो रंगवायला गेला की घरात चार तास शांतता असायची, आणि संध्याकाळी स्वतःच्याच खुणा बघत बघत बरोबर दाराशी यायचा. तुझ्या व्हेंडेलीन आजोबाला माझं नाव आठवत नाही, पण खूण दिसली की पाय आपोआप वळतात.

काल सकाळपासून एकच घोशा, घरी कधी जायचं. घरात बसून विचारतो, घरी कधी जायचं. मी बटाटे सोलत होते. रोज मी उद्या जाऊ म्हणते आणि भागतं. काल म्हटलं, जा एकदाचा. चाकांत हवासुद्धा मीच भरून दिली. हे कोणाला सांगू नकोस.

तू रजा काढ. यिह्लावाहून सायकलसकट रेल्वेने पेल्ह्रिमोव्हला उतर. दर जुलैत तो संघाच्या लोकांना घेऊन सायकलवर एक फेरा मारायचा: पेल्ह्रिमोव्ह, कामेनित्से, यिंद्रिखुव्ह ह्रादेत्स, तेल्च आणि मग उत्तरेला. ब्रश घेऊन तिकडेच गेला असणार, दुसरं जग त्याला ठाऊक नाही. माझं पुढचं पत्र तेल्चच्या पोस्टात असेल, स्वतः येऊन नेईल असं वर लिहून. ते घेतल्याशिवाय तेल्च सोडायचं नाही.

कळावे. माया आहेच, ती काही उडून जात नाही. आधी ब्रेक तपास.

तुझी आजी
द्राहोमिरा


यिंद्रिखुव्ह ह्रादेत्स
बुधवार, १३ जुलै १९९४

ती. आजीस इवेताचा सा. न. वि. वि.

दवाखान्यातून आठवड्याची रजा मिळाली. डॉक्टर म्हणाले की आजोबा हरवण्याचं कारण त्यांनी प्रथमच ऐकलं, नेहमी आजोबा मरतात. ब्रेक तपासले आहेत.

आजी, आजोबा आहेत. पेल्ह्रिमोव्हच्या बाहेर पहिल्याच लिंडनच्या झाडावर ताजी खूण मिळाली. मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. जुन्या खुणांवरूनच रंगवत गेले आहेत, पण कडा अशा सरळ की पट्टी लावून काढल्यासारख्या. मी खूण दिसली की उतरते, बोट लावून बघते, परत चढते. पेल्ह्रिमोव्हला रंग खडखडीत वाळलेला होता. इथे तळ्याच्या बांधावरच्या ओकला लावलेला बोटाला जरा चिकटला. म्हणजे फार तर दीड दिवसाचं अंतर आहे.

वाटेत त्यांना सगळ्यांनी पाहिलंय. राग येतो तो याचाच. कामेनित्सेजवळच्या एका खानावळीच्या मालकाने सांगितलं की आजोबांनी रविवारी बटाट्याचं सार घेतलं, बिअर अर्धी ठेवली, आणि घर किती लांब राहिलं असं विचारलं. हा हसून म्हणाला होता की आलंच आता. कोणतं घर, हे याने विचारलंही नाही. एका गावात एका बाईने त्यांना भट्टीतून काढलेल्या खसखशीच्या गोड बुख्ता खाऊ घातल्या आणि ते रंगवत होते तोवर सायकल धरून उभी राहिली. मला म्हणाली की असा कामसू म्हातारा ज्या बाईला मिळाला तिचं नशीब थोर. तू हसशील म्हणून लिहिते. रंगाचा डबा हातात असलेल्या माणसाला आपल्याकडे कोण अडवणार? लोक उलट त्यांचे आभार मानतात. टोपीशिवाय, पत्त्याशिवाय चाललेला म्हातारा कोणालाच दिसला नाही, सगळ्यांना संघाचा रंगारी दिसला.

दिवसा फार ऊन आहे. गहू पिवळा पडलाय, तळ्यांचं पाणी हिरवं झालंय, आणि चढावर मी सायकल हाताने ढकलते. ते शहात्तराव्या वर्षी हा चढ कसे चढले कोण जाणे.

एकच विचारते. हा फेरा शेवटी कुठे संपतो ते नीट लिही. खुणांच्या मागे शेतातून जाण्यापेक्षा मी सडकेने पुढे जाईन आणि शेवटाला त्यांची वाट बघत उभी राहीन. ते सापडतील, काळजी करू नकोस, आणि केलीस तर बसून कर. तुझा लोभ आहे हे तुझ्या रागावण्यावरून कळतंच.

तुझी
इवेता


हुम्पोलेत्स
गुरुवार, १४ जुलै १९९४

चि. इवेतास आशीर्वाद विशेष.

तुझं पत्र आज सकाळी मिळालं, लगेच लिहायला बसले. पोस्टमन दुपारी परत जातो, त्याच्या हातातच देईन. त्या बुख्तावाल्या बाईचा पत्ता घेऊन ठेव. म्हातारा सापडला की पंधरा दिवस तिच्याकडे ठेवू, नशीब किती थोर असतं ते तिला कळेल.

मी करवंदासारखी ती लाल आंबट फळं आणून मुरंबा घातला. दुसरं काय करणार? चार बरण्या झाल्या, एक तडकली. तुझ्या बापाला चौथ्यांदा फोन केला. रविवारी बघतो म्हणाला. कोणता रविवार ते म्हणाला नाही. तुझ्या पायांत कोरडे मोजे आहेत ना? ओल्या मोज्यांनी सायकल चालवली की मूत्रपिंडाला थंडी बसते, हसू नकोस.

आता तू विचारलंस ते. फेरा लेडेचला संपतो, साझावा नदीवरच्या पुलापाशी. तिथे जाऊन थांब. वाट संपते तिथे पट्टा काढत नाहीत, पांढऱ्या कड्यात लाल ठिपका काढतात. तुझा बाप सहा वर्षांचा झाल्यापासून तो ठिपका काढायचा मान त्याचा. म्हातारा त्याला खांद्यावर घ्यायचा, आणि हे पोर जीभ बाहेर काढून ठिपका काढायचं. बापाच्या केसांत रंग सांडायचा. ठिपका झाला की मगच म्हातारा ब्रश धुवायचा, त्याआधी आभाळ कोसळलं तरी नाही. तेव्हा पुलापाशी कोणी ब्रश धुताना दिसला तर मानगूट धर आणि घेऊन ये.

वाटेतल्या बाकी गावांचं मला विचारू नकोस. ज्या गावाचं नाव या घरात वीस वर्षं घेतलं नाही, ते पत्रातही घेणार नाही.

कळावे. खाण्यापिण्यात कंजूषपणा करशील तर लोभ कमी होईल.

आजी


लेडेच
मंगळवार, १९ जुलै १९९४

ती. आजीस सा. न.

व्लास्ताबाईंच्या फोनवर काल निरोप दिला तेवढाच दिला, कारण पोलीस शेजारी उभे होते. आता सगळं लिहिते.

शुक्रवारी साडेबाराला तेल्चला पोचले. गावाच्या वेशीजवळच्या झाडावर खूण ओली होती. ओली म्हणजे अंगठा लाल झाला. समोर भिंतीवर चुना लावणारा माणूस म्हणाला की म्हातारे आत्ताच पुढे गेले, अर्धा तासही झाला नसेल. मी निघणार होते. मग तुझं सांगणं आठवलं, की पत्र घेतल्याशिवाय तेल्च सोडायचं नाही. पोस्टाला जेवणाची सुट्टी होती, दोनपर्यंत. मी चौकातल्या कमानींखाली बसून पाव खाल्ला, आजी. दीड तास. सुट्टीवर आलेले लोक रंगीत घरांचे फोटो काढत होते, आणि मी तुझ्या मोज्यांबद्दलच्या पत्राची वाट बघत होते.

पत्रात तू लेडेच लिहिलंस. ते रानातल्या वाटेने जाणार, मी सडकेने, म्हणजे मीच आधी पोचणार. शनिवारी संध्याकाळी पुलावर आले. रविवारी दिवसभर तिथे उभी होते. येणाऱ्या प्रत्येक सायकलकडे बघितलं. पुलावर मासे धरणारे तीन म्हातारे माझी थट्टा करत होते की नवरा येणार नाही, त्यांच्यातला एखादा घेऊन जा. सोमवारी सकाळी त्यांच्याजवळ एक वनरक्षक थांबला. त्याने मला सांगितलं की काल दुपारी त्याने धरणाकडच्या बंद रस्त्यावर एक रंगारी पाहिला. त्याला वाटलं, संघ ती वाट परत उघडतोय. बरं वाटलं, म्हणाला. म्हणून नमस्कार करून तो पुढे गेला.

त्याच्याबरोबर मी गेले. आडव्या लोखंडी दांड्याच्या पलीकडे जुना डांबरी रस्ता आहे, फटींतून गवत आलंय. दोन्ही बाजूंना लिंडनची झाडं आणि प्रत्येक तिसऱ्या झाडावर ताजी खूण. रस्ता वळत नाही, थांबत नाही, काही काम असल्यासारखा सरळ पाण्यात उतरतो. शेवटच्या झाडाची मुळं पाण्यात आहेत. सायकल झाडाला टेकवलेली होती. पँटच्या पायाला लावायचे चिमटे हँडलला अडकवलेले होते. डबा उघडा, ब्रश त्यावर आडवा, न धुतलेला, रंग वाळून काठीसारखा कडक झालेला. झाडावर ठिपका नव्हता. पट्टा होता, आणि पट्ट्याला बाण. बाण पाण्याकडे.

पाणबुडे कालपासून उतरतायत. ते म्हणतात की खाली भिंती आहेत, कुंपणं आहेत, झाडांची खोडं आहेत, आणि हातभर अंतरावरचं दिसत नाही. उद्यापर्यंत बघतील, मग थांबतील.

गावाचं नाव वनरक्षकाने सांगितलं. ओल्शिना. बाबांच्या ओळखपत्रावर जन्मगाव म्हणून हेच आहे. लहानपणी मी विचारलं होतं की ते कुठे आहे, तेव्हा बाबा लांब म्हणाले होते. तिथून लेडेच सायकलने पाऊण तास आहे. तू लेडेच का लिहिलंस, आजी?

मी शुक्रवारी आजोबांची सायकल आणि रंगाचं सामान घेऊन येते.

इवेता


हुम्पोलेत्स
रविवार, २४ जुलै १९९४

चि. इवेतास आशीर्वाद.

परवा आलीस तेव्हा जे तोंडावर बोलता आलं नाही ते लिहिते. तू सार खाल्लंस, मी भांडी घासली, तू गेलीस. बोलणं आपल्या घराण्यात कोणालाच जमत नाही, रंगवणं जमतं.

फेरा ओल्शिनालाच संपायचा. माझ्या सासूच्या अंगणात. सगळे सायकलवाले धुळीने माखलेले यायचे, आणि सासू जर्दाळू घालून उकडलेले गोळे परातभर काढायची, वर लोणी आणि साखर. ठिपका तुझा बाप फाटकावरच्या लिंडनवर काढायचा. चौऱ्याहत्तर साली घर पाडलं, झाडं कापली, पाणी सोडलं. प्रागला प्यायला पाणी हवं होतं. आम्हाला इथे दोन खोल्या दिल्या, नळाला गरम पाणीसुद्धा. म्हातारा रडत बसला. मी म्हटलं, एकदा रडून घे, उद्यापासून त्या गावाचं नाव घरात घ्यायचं नाही. नियम माझा होता. त्याने पाळला, पोराने पाळला. मग डोकं गेलं, तेव्हा म्हातारा नियम विसरला आणि गाव तेवढं राहिलं.

तू विचारलंस तेव्हा पेन हातात होतं. ओल्शिना लिहायला किती वेळ लागतो? मला वाटलं, कशाला, तिथे आता पाणी आहे, पाणी दिसलं की माणूस थांबतो, मुकाट लेडेचच्या रस्त्याला लागेल. एवढं कळलं नाही की त्याच्या डोक्यात पाणी अजून आलेलंच नव्हतं.

पाणबुडे बुधवारी गेले. व्लास्ता म्हणते की आशा सोडू नये, कुठेतरी रानात असेल. तिला म्हटलं, आशा तुझ्याकडे ठेव, तुझ्याकडे तीन खोल्या आहेत. तो घरी गेला, बस्स. मी उद्या उद्या म्हणत राहिले, तो कंटाळून एकटा गेला.

संघाचं पत्र आलंय. व्हेंडेलीनच्या चाळीस वर्षांबद्दल छान छान लिहिलंय, आणि खाली, की तो बाण खरवडावा लागेल, नाहीतर एखादा परका सायकलवाला त्याच्यामागे पाण्यात जाईल. बरोबर आहे त्यांचं. खुणेवर लोक विश्वास ठेवतात. पण नुसतं खरवडून चालणार नाही. वाट अर्धवट सोडलेली आहे आणि ब्रश न धुतलेला पडलाय. मी त्यांना कळवलंय की महिनाभर झाडाला हात लावायचा नाही, आमचा माणूस येतोय. दांड्यापाशी पाटी तेवढी लावा.

लाल रंग डब्यात दोन बोटं उरलाय, तू आणलास तो मी झाकण ठोकून ठेवलाय. ब्रश टर्पेंटाइनमध्ये घातलाय. हेच पत्र तू प्रागला जाऊन बापाच्या हातात दे आणि वाचेपर्यंत तिथून हलू नकोस. त्याला सांग की वीस वर्षं तो नळातून आपलं गाव पितोय, आता बापही पितोय, तेव्हा एक दिवस इकडे यायला हरकत नसावी. खांद्यावर घ्यायला कोणी नाही, शिडी घेऊन यावं. पांढरं कडं, आत लाल ठिपका. त्याला येतं. मग ब्रश मी धुईन.

तुझ्यावर राग नाही, तेल्चच्या पोस्टावरही नाही. माझ्यावर आहे, तो माझा मी सांभाळते. मुरंब्याची एक बरणी तुझी, एक व्लास्ताची. तिसरी कोणाची ते माहीत नाही.

उत्तर मिलोस्लाव्हने द्यायचं. तू नाही, सुनेने नाही, फोनवर तर मुळीच नाही. स्वतःच्या हाताने, आणि वर तारीख घालून, तो कधी येतो आहे ती.

द्राहोमिरा